घोलवडचा चिकू, बोर्डीचा महोत्सव आणि आपला धंदा

फळांचा व्यापार आपल्या समाजाला नवा नाही. बागवान म्हटले की फळांच्या पाट्या डोळ्यांसमोर येतात. क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजे महात्मा फुले मंडईत, घाऊक फळबाजार होता तेव्हा तिथल्या गाळ्यांवर आपली माणसे होती. १९९६ साली तो बाजार वाशीला गेला, तेव्हा पुष्कळ जण तिकडे गेले. आज अंधेरी, कुर्ला, घाटकोपर, मालाड, कुठल्याही स्टेशनाबाहेर पाहा, फळाच्या हातगाड्यांमागे आपले बांधव दिसतील. ज्यूस सेंटर आहेत, आईस्क्रीमवाले आहेत, खोकी ठोकणारे सुतार आहेत, टेम्पोवाले आहेत. फळ झाडावरून उतरल्यापासून ग्राहकाच्या पिशवीत पडेपर्यंत त्याला आपला हात लागतो. प्रश्न एवढाच आहे की एवढे हात लागूनही आपल्या पदरात हमालीपलीकडे फारसे का पडत नाही?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही आज एक लहानसा मेळा निवडला आहे. पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्याच्या उत्तर टोकाला समुद्रकाठी बोर्डी नावाचे गाव आहे. तिथे २०१३ साली चिकू महोत्सव सुरू झाला. थंडी ओसरू लागली की जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुमारास शनिवार-रविवार गाठून तो भरतो. योगायोगाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये पश्चिम रेल्वेची लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली. त्यामुळे बोरिवली-अंधेरीच्या माणसाला बोर्डी आता परगाव राहिलेले नाही. डहाणू रोडनंतरचे स्टेशन घोलवड, आणि घोलवडला लागूनच बोर्डी. मुलुंड-घाटकोपरच्या वाचकांना दादरला गाडी बदलावी लागेल, एवढेच.

आमच्या उपनगरांचा आणि फळबागांचा संबंध जुना आहे. बोरिवली हे नाव बोरांवरून पडले असे सांगतात. बोरिवलीच्या पश्चिमेला चिकूवाडी आहे, जांभळी गल्ली आहे. आज चिकूवाडीत रिक्षावाल्याला चिकूचे झाड विचारले तर तो इमारतीचे नाव विचारेल. बागा गेल्या, नावे राहिली. घोलवड-बोर्डीत मात्र बागा अजून उभ्या आहेत. त्याचे एक कारण सरकारी आहे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि तिथल्या कारखानदारीवर बंधने आली. दुसरे कारण असे की त्या मातीत चिकू इतका चांगला येतो की लोकांना झाड तोडवत नाही.

चिकू हे मुळात इथले फळ नव्हे. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. त्याच्या खोडातून निघणाऱ्या चिकापासून तिकडे पूर्वी च्युइंगम बनवत असत. घोलवडला त्याची लागवड १८९८ साली झाली असे मानले जाते. पुढे इराणमधून आलेल्या पारशी-इराणी कुटुंबांनी आणि स्थानिक बागायतदारांनी ती वाढवली. इथे मुख्यतः ‘कालीपत्ती’ जात आहे. गर्द हिरव्या पानांवरून हे नाव पडले. फळ लांबट, साल पातळ, बिया थोड्या आणि गर मऊसूत गोड. कलम बांधतात ते खिरणीच्या रोपावर, म्हणजे परदेशी झाड आपल्या देशी मुळावर उभे असते. घोलवडच्या जमिनीत चुन्याचा अंश जास्त आहे आणि त्यामुळे फळाला वेगळी चव येते, असे तिथले बागायतदार सांगतात. सरकारी कागदांतही तसा उल्लेख आहे.

आता धंद्याकडे वळू. चिकू हे व्यापाऱ्याची परीक्षा पाहणारे फळ आहे. आंबा आठ-दहा दिवस दम धरतो, सफरचंद महिनोन् महिने शीतगृहात बसते. चिकू झाडावरून कडक उतरवतात, तो पाच ते सात दिवसांत पिकतो, आणि पिकल्यावर एक-दोन दिवसांत त्याचा निकाल लागतो. कच्चा चिकू फ्रीजमध्ये कोंबला तर तो नीट पिकतच नाही, ओशट आणि घट्ट राहतो. म्हणून ज्याच्याकडे आज शंभर किलो पिकलेला माल आहे त्याला आजच गिऱ्हाईक हवे. हे बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि म्हणूनच संध्याकाळी भाव पाडून मागितला जातो. त्यात पावसाळ्यात बुरशीने फळगळ होते, बी पोखरणारी अळी लागते. तो तोटा बागायतदाराचा, पण पुढे पेटीत किडका माल निघाला की गिऱ्हाइकाची शिवी खातो तो हातगाडीवाला.

बोर्डीच्या लोकांनी या कोंडीवर जो उपाय केला तो समजून घेण्यासारखा आहे. माल बाजाराकडे न्यायचा तो नेलाच, पण गिऱ्हाइकालाही मालाकडे आणले. महोत्सवाला मुंबईचे कुटुंब येते ते समुद्र पाहायला, मुलांना बाग दाखवायला. बागेत त्यांना फिरवून आणतात, चिकू कसा उतरवतात ते दाखवतात, लांब बांबूला जाळी बांधून फळ अलगद झेलतात ते मुलांना करू देतात. तारपा नाच होतो, वारली चित्रे काढायला शिकवतात. पोट भरायला स्थानिक पदार्थ असतात. आणि मग चिकू निघतो नाना रूपांत: ताजा, वाळवलेले काप, भुकटी, बर्फी, हलवा, लोणचे, कुल्फी, मिल्कशेक. चिकूची वाइनही त्या भागात तयार होते. तो स्टॉल आपल्यासाठी नाही, आपण पुढे चालू लागावे. बाकीचा मेळा मात्र डोळे उघडे ठेवून पाहण्यासारखा आहे.

ज्या बाईने बोरिवलीच्या गाडीवर चिकूच्या भावावरून घासाघीस केली असती, तीच बाई इथे भाव न विचारता काप, बर्फी आणि वर घरी न्यायला चिकूची पेटी घेते. कारण तिने झाड पाहिलेले असते. गाडीवर ती फक्त फळ विकत घेते, इथे तिला गाव, बाग आणि एका दिवसाची आठवण मिळते. या गोष्टीला पुष्कळ जण नखरे म्हणतील. आम्ही म्हणत नाही. आमच्याकडे मोहम्मद अली रोडवर रमजानच्या रात्री माणसे कुठून कुठून येतात ती केवळ भुकेने येतात काय? तीच खीर, तोच मालपुवा घराजवळही मिळतो. जागेचे नाव आणि जागेची रौनक हाही माल आहे.

आता हिशेब. आम्ही खाली जे आकडे देतो ते रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. भाव रोज बदलतो, आपापले आकडे घालून पाहावे. समजा, एका बांधवाने कुठल्याही दोन दिवसांच्या मेळ्यात स्टॉल घेतला. शंभर किलो चिकू ४० रुपये किलोने नेला, म्हणजे ४,००० रुपये गुंतले. सत्तर किलो ८० रुपयांनी गेला, ५,६०० रुपये आले. रविवारी संध्याकाळी वीस किलो ४० रुपयांनी काढला, ८०० आले. दहा किलो फेकला. एकूण ६,४०० रुपये. स्टॉलचे भाडे, टेम्पो आणि दोन मुलांची मजुरी मिळून ३,००० धरले तर हा गडी ६०० रुपये घरातून घालून परत आला. दुप्पट भावाने विकूनही तोटा! असे पुष्कळांचे होते, आणि मग ‘मेळ्यात काही राम नाही’ म्हणून ते घरी बसतात.

त्याच स्टॉलवर जर चिकूचे वाळवलेले काप असतील तर? चिकूत साधारण तीन-चतुर्थांश पाणी असते. साल आणि बिया काढून, वाळवून एक किलो काप हवे असतील तर चार-साडेचार किलो पिकलेले फळ लागते. साडेचार किलोचे १८० रुपये, सोलणे-चिरण्याची मजुरी, वाळवणे आणि पाकिटे यांचे १५० धरा. एक किलो काप ३३० रुपयांना पडले, म्हणजे शंभर ग्रॅमचे पाकीट ३३ रुपयांना. वीस किलो काप नेले तर २०० पाकिटे झाली. मेळ्यात त्यांतली ९० पाकिटे ६० रुपयांनी गेली तर पाकिटामागे २७ प्रमाणे २,४३० रुपये सुटले. फळातला ६०० चा खड्डा भरून १,८३० उरले. आणि उरलेली ११० पाकिटे? ती फेकावी लागत नाहीत. नीट वाळवलेला आणि हवाबंद केलेला माल महिनोन् महिने टिकतो. ती पाकिटे पुढे ड्रायफ्रूटच्या दुकानांना ४५ रुपयांनी दिली तरी आणखी १,३२० रुपये होतात. सारा फरक या टिकण्यात आहे. ज्याच्या मालाला रविवारची संध्याकाळ मारते त्याने भाव सांगायचा नसतो, ऐकायचा असतो.

हे तंत्र काही परदेशातून आलेले नाही. वसईची सुकेळी पाहा. तिथले लोक केळी सोलून उन्हात सुकवत आले आहेत आणि जाणकार गिऱ्हाईक ती शोधत जाते. मेहनत खूप, पण विकण्याची घाई नाही. आपल्या मोहल्ल्यांत, मालवणीत, जोगेश्वरीत, कुर्ल्यात, घरी बसून शिलाई-टाचणीचे काम करणाऱ्या किती तरी बहिणी आहेत. फळ सोलणे, चिरणे, वाळवणे, भरणे हे काम त्यांच्या हाताचे आहे. लहान वाळवणी यंत्र दोन-चार घरांनी मिळून घेतले तरी चालते. मुंबईच्या हवेत दमटपणा फार, केवळ उन्हाच्या भरवशावर राहू नये. अर्धवट सुकलेल्या कापांना बुरशी धरते आणि एक पाकीट खराब निघाले की दुकानदार पुन्हा दारात उभे करत नाही. खाद्यपदार्थ म्हटल्यावर अन्नसुरक्षेची नोंदणी लागतेच. छोट्या धंद्याला नोंदणी पुरते, मोठ्याला परवाना. पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची आणि वापराच्या मुदतीची तारीख हवी. तराजूवर वजनमापे खात्याचा चालू वर्षाचा शिक्का असू द्यावा. मेळ्यात तपासणीस आला तर तो याच दोन गोष्टी आधी पाहतो.

आता नावाची गोष्ट. आमच्या मते हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून वाचकांनी इथे थोडे थांबावे.

२०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाची भौगोलिक मानांकनाखाली नोंद झाली. महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावे ती आहे. मानांकनाचा कायदा १९९९ चा, तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला, आणि त्याची नोंदणी कचेरी चेन्नईला आहे. दार्जिलिंगचा चहा हा या नोंदवहीतला पहिला माल. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नागपूरची संत्री, २०१८ साली कोकणचा हापूस, असे करत आपल्या राज्याची बरीच फळे तिथे पोहोचली आहेत. गेल्या काही वर्षांत पालघर तालुक्यातल्या बहाडोलीचे आणि मध्य रेल्वेवरच्या बदलापूरचे जांभूळही आले.

मानांकन म्हणजे काय? एका ठरावीक भागात पिकलेल्या मालालाच त्या भागाचे नाव लावता येईल, असे सरकारने मान्य करणे. गुजरातेत नवसारी जिल्ह्यात अमलसाडला चिकूचे मोठे पीक आहे. तो चिकू वाईट नाही, पुष्कळांना तो आवडतो. पण त्याच्या पेटीवर ‘घोलवड’ लिहिले तर ती फसवणूक, आणि कायद्यात तिला तुरुंगवास व दंड दोन्ही आहेत. कोकणातल्या आमच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. कर्नाटकचा आंबा ‘देवगड’ आणि ‘रत्नागिरी’च्या पेटीत भरून मुंबईत विकला जातो, त्याने खऱ्या बागायतदाराचे किती नुकसान होते हे त्यांनी सोसले आहे. त्यांतले कित्येक बागायतदार आपलेच आहेत. ओल्या धान्यावर सुके धान्य पसरून ठेवणाऱ्या विक्रेत्याला आपल्या पैगंबरांनी (स.) काय सुनावले होते ते सर्वांना माहीत आहे. पेटीवरचे खोटे नाव त्याहून निराळे नाही.

व्यापारी बंधूंना वाटते की हे मानांकन शेतकऱ्यांचे प्रकरण, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो कायद्यातच लिहिलेला आहे. या कायद्यात ‘उत्पादक’ शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात पीक काढणाऱ्याबरोबर त्यावर प्रक्रिया करणारा आणि तो पॅक करणाराही येतो. एवढेच नव्हे, अशा मालाचा व्यापार करणाराही त्यात धरला आहे. म्हणजे घोलवडच्या बागेतून खरा माल उचलून अंधेरीत विकणारा, किंवा त्याचे काप करून पाकिटे भरणारा, अधिकृत वापरकर्ता म्हणून अर्ज करू शकतो. २०२० साली नियम बदलून या अर्जाची फी ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. दहा रुपये! स्टेशनवर चहा येत नाही तेवढ्यात. अर्थात फीपेक्षा कागद महत्त्वाचा. माल कुठल्या बागेतला, कधी उचलला, किती उचलला याची पावती आणि वही ठेवावी लागते, आणि संघाशी संबंध ठेवावा लागतो. वही ठेवणे हीच आपली दुखरी बाजू आहे. तोंडी व्यवहारात आपला हात कोणी धरणार नाही, पण कागद मागितला की आपण मागे सरतो.

या नावाची आणखी एक खासियत आहे. ते विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाण टाकता येत नाही. पण अधिकृत वापरकर्ता वारला तर त्याचा हक्क कायद्याने वारसाकडे जातो. दुकान कर्जात जाईल, पेढी फुटेल, हे मात्र सावकाराला उचलून नेता येणार नाही. दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते तेवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

२०२१ च्या जुलैमध्ये मानांकन मिळालेला हा घोलवडचा चिकू पहिल्यांदा ब्रिटनला रवाना झाला. वर्तमानपत्रांत त्याचे कौतुक झाले, होणारच. त्या बातमीतली एक ओळ मात्र आम्हांला महत्त्वाची वाटली: त्या मालाची प्रतवारी आणि पॅकिंग गुजरातमधल्या तापी येथील पॅकहाउसमध्ये झाले. फळ पालघरचे, पण धुणे, निवडणे, खोक्यात भरणे यांची मजुरी दुसऱ्या राज्यात गेली. परदेशी माल पाठवायला मान्यताप्राप्त पॅकहाउस लागते, ते जिथे असेल तिथे माल जातो, यात कोणाचा दोष नाही. पण खोकी, कागदी कोंदणे, लेबले, छपाई, वाहतूक हे सारे कामकाज आपल्या कारागिरांना येते आणि मुंबईच्या उपनगरांत त्याचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. साकीनाक्याच्या एखाद्या पुठ्ठ्याच्या खोकीवाल्याने एक दिवस काढून घोलवडच्या बागायतदारांना फक्त एवढे विचारावे की चिकू दाबला जाऊ नये म्हणून तुम्हांला कसले खोके हवे आहे. लाकडी पेटीत तळाचा थर वरच्या ओझ्याने डागाळतो, ही त्यांची नेहमीची रड आहे. गिऱ्हाइकाला एक किलो, दोन किलोची हातात धरून लोकलमधून नेता येईल अशी मजबूत पेटी महोत्सवात चटकन उचलली जाते.

कारागिरांसाठी दुसरी एक सावधगिरी. बोर्डीच्या मेळ्यात वारली चित्रांच्या पिशव्या, कुर्ते, मातीची भांडी चांगली खपतात. ते पाहून छापील वारली नक्षीचे कापड घाऊक भावाने आणून ठेवायचा मोह होईल. वारली चित्रकलेलाही २०१४ साली मानांकन मिळाले आहे. तेव्हा ती नक्षी हवी असेल तर वारली चित्रकाराकडून काम करून घ्यावे, त्याला त्याचा मोबदला द्यावा आणि आपण आपली शिलाई, आपली चामड्याची किंवा जरीची कारागिरी त्याला जोडावी. भागीदारीत दोघांचे नाव राहते. नक्कल केली तर पुढच्या वर्षी आपल्याहून स्वस्त नक्कल करणारा शेजारच्या स्टॉलवर बसलेला असतो.

आता वेळेचा एक मुद्दा, जो बहुतेकांच्या ध्यानात आलेला नाही. चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२४ मध्ये तो मार्चच्या मध्याजवळ सुरू झाला, २०२५ मध्ये मार्चच्या आरंभी, २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. २०२८ च्या सुमारास तो जानेवारीच्या अखेरीला येईल. चिकू तसा वर्षभर थोडाफार येत असतो, पण त्याचा मोठा बहर जानेवारी ते मार्चमध्ये असतो. म्हणजे काही वर्षे इफ्तारचा दस्तरखान आणि चिकूचा बहर एकाच वेळी येत आहेत. कलिंगड आणि पपईच्या मागे सगळेच लागतात. चिकूचा मिल्कशेक, खजूर-चिकूचा हलवा, फळांच्या चाटमधला चिकू यांची मागणी आपल्याच मोहल्ल्यात आहे आणि फळ लोकलच्या अंतरावर आहे. बहुतेक ठिकाणी तो वाशीच्या दलालामार्फत फिरून येतो. दोन-तीन हातगाडीवाल्यांनी मिळून आठवड्यातून दोनदा थेट बागेतून माल उचलला तर तो एक दिवस लवकर हातात पडेल, आणि चिकूच्या बाबतीत एक दिवस म्हणजे पाचातला एक दिवस. उतरवलेला चिकू धुऊन, त्यावरची भुकटी आणि चीक काढून आणावा. जून झाला की नाही हे नखाने हलके खरवडून पाहावे: आत हिरवे दिसले तर कच्चा, पिवळसर दिसले तर तयार. कच्चा उतरवलेला माल लवकर पिकवायला कार्बाइडची पुडी टाकणारे अजून आहेत. त्यावर कायद्याने बंदी आहे. माणसाने रोजा सोडायला जे फळ हातात घ्यायचे त्यात विष मिसळणे हे तर कायद्याच्याही आधीचे पाप आहे. पिकवणगृहात इथिलीन वायूचा ठरवून दिलेल्या मर्यादेत वापर करायला परवानगी आहे, पण चिकूला तेवढीही गरज नसते. पेंढ्यात ठेवला की तो आपसूक पिकतो.

थेट बागेतून माल घ्यायचा म्हटले की बाग घेण्याचा प्रश्न येतो. मोहोर दिसताच बागेचा सौदा करून आगाऊ रक्कम मोजण्याची चाल फळबागांत सर्वत्र आहे. फळ किती येईल कोणालाच ठाऊक नसते. आले तर बागायतदार हळहळतो, गळले तर व्यापारी बुडतो, आणि दोन्ही वेळा भांडण ठरलेले. झाडावरचे फळ तयार होण्याची चिन्हे दिसण्याआधी विकू नये, अशी आपल्याकडे शिकवण आहे. तिच्यामागे हेच शहाणपण आहे. चिकूला तर बागेचा सौदा करण्याची गरजही नाही, कारण त्याचा तोडा पुन्हा पुन्हा होतो. दर तोड्याला वजनावर भाव ठरवावा, रोख द्यावे, पावती घ्यावी. बागायतदाराला नियमित उचल करणारा माणूस हवा असतो, हंगामाला एकदा येऊन मोठी बोली लावणारा नको असतो.

वर मेळ्याचा हिशेब मांडला त्यात एक रक्कम धरलेली नाही, कारण ती त्या दोन दिवसांत येत नाही. महोत्सवात आलेल्या गिऱ्हाइकाचा फोन नंबर वहीत उतरवून घेणारा विक्रेता आणि न घेणारा विक्रेता यांच्यात सहा महिन्यांनी जो फरक पडतो तो गल्ल्यात दिसतो. गिऱ्हाईक खूश होऊन म्हणते, ‘तुमचे काप फार छान होते, पुन्हा कुठे मिळतील?’ आपण सांगतो, ‘पुढच्या वर्षी या.’ हे उत्तर ऐकून आम्हांला नेहमी वाईट वाटते. ते माणूस कांदिवलीला राहते आणि आपले दुकान मालाडला असते!

शिवाय बोर्डी हा एकच मेळा नाही. हिवाळ्यात मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत मैदानांवर मालवणी जत्रा आणि कोकण महोत्सव भरतात, एप्रिल-मेमध्ये सोसायट्यांच्या आवारात आणि शाळांच्या पटांगणांत आंब्याचे स्टॉल लागतात. तिथे आपली माणसे मांडव घालतात, दिवे लावतात, सामान वाहतात. स्टॉलच्या आतल्या बाजूला मात्र थोडी दिसतात. अमुक महोत्सव अमक्यांचा, आपल्याला तिथे कोण उभे करणार, असा एक संकोच आहे. काही ठिकाणी त्याला कारणही घडले असेल, आम्ही नाकारत नाही. पण बहुतेक ठिकाणी भाडे भरणाऱ्याला जागा मिळते, आणि कोकणी मुसलमानाच्या घरची सांदणे आणि आंब्याची साठे आपली म्हणून मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.

घोलवडच्या बागांसमोरही संकटे आहेत. बुलेट ट्रेनच्या मार्गासाठी पालघर जिल्ह्यात जमिनी गेल्या, त्यांत चिकूच्या वाड्याही होत्या. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. तिथले मच्छीमार आणि बागायतदार यांनी अनेक वर्षे विरोध केला आहे. बंदर आले की रस्ते येतील, गोदामे येतील, जमिनीचे भाव चढतील. चिकूचे कलम नीट फळावर यायला वर्षे लागतात आणि एकदा जमले की ते झाड पिढ्यान् पिढ्या देते. ते तोडायला अर्धा दिवस पुरतो. बागायतदाराला चिकूचे चार पैसे बरे मिळाले तर तो जमीन विकताना दहादा विचार करील, आणि ते चार पैसे मिळणे न मिळणे हे काही प्रमाणात फळ उचलणाऱ्या, वाळवणाऱ्या आणि विकणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हातात आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांनी महोत्सवाची त्या वर्षीची तारीख आधी विचारून घ्यावी. पहिल्या खेपेला स्टॉल घेऊ नये, नुसते हिंडावे. शनिवारी सकाळी पोहोचावे, कारण रविवारी दुपारनंतर बागायतदाराला बोलायला सवड नसते. बरोबर वही, आपल्या मालाचे दोन-चार नमुने आणि दुकानाचे कार्ड असावे. कोणत्या स्टॉलवर गर्दी आहे त्यापेक्षा कोणत्या स्टॉलवरून गिऱ्हाईक पिशवी घेऊन निघते ते पाहावे. जुहूर-असरची नमाज अदा करण्याची सोय आधी पाहून ठेवावी. परतीच्या लोकल डहाणूहून मोजक्याच असतात, तेव्हा वेळापत्रक खिशात असू द्यावे. येताना एक पेटी कच्चा चिकू घेऊन यावा आणि तो घरी रोज पाहत जावा, कोणत्या दिवशी पिकतो, कोणत्या दिवशी उतरतो. तेवढे दिवस हाताशी आले म्हणजे पहिली खरेदी किती करायची हे कोणाला विचारावे लागणार नाही.